पाणी पिऊन निघ

मे महिन्यात नागपुरातल्या बाईनं कोणाला "पाणी पिऊ नकोस" असं सांगितलं, तर तिला ऊन लागलं की काय म्हणून शेजारीपाजारी धावत यायला हवेत. आज सकाळी मी तसं सांगितलं. तेही फोनवर, ओरडून. कूलरच्या ताट्यांत नवा वाळा भरत बसले होते. ओल्या वाळ्याच्या वासानं घर भरलं होतं आणि माझ्या भाचीची लेक तन्वी कोकणातून बोलत होती. मैत्रिणींबरोबर पुण्याहून गेलीय. पाठीला छत्री बांधून कड्यावरून समुद्रावर तरंगायचं, त्याला पॅराग्लायडिंग म्हणतात. कुठल्या कड्यावर ते तिनं सांगितलं, आणि माझ्या हातातला वाळा हातातच राहिला.

"तिथे एक पडका बुरूज आहे का गं? आणि खडकात ठोकलेली लोखंडी कडी?"

"आहे की! तुला कसं माहीत? ते लोक म्हणतात हिस्टॉरिक जागा आहे. बरं, निघते मावशीआजी. पाणी पिते आणि—"

"पाणी पिऊ नकोस!"

पलीकडून आधी हसू आलं. मग, "का गं?"

या 'का'चं उत्तर माझ्याजवळ चाळीसेक वर्षं पडून आहे. फोनवर देण्यासारखं ते नाही. लिहून मात्र देता येईल, आणि आता या वयात लाज तरी कोणाची बाळगायची!

आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडणाऱ्याला 'सांभाळून जा' म्हणत नाहीत, 'पाणी पिऊन निघ' म्हणतात. दार उघडायच्या आधी तांब्याभर पाणी पोटात, कानाला दुपट्टा आणि खिशात कांदा. हा कांदा म्हणजे आमचा उन्हाळ्याचा ताईत. माझे बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात होते. दुपारच्या पाळीला निघताना आई दारात तांब्या घेऊन उभी राहायची. बाबांनी तो घटाघट रिकामा केल्याशिवाय ती वाटेतून बाजूला होत नसे. ते पाणी जायचं कुठे, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. सेहेचाळीस डिग्रीत ते वाटेतच घाम होऊन उडून जायचं. नागपूरच्या माणसाच्या अंगात पाणी मुक्कामाला राहत नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. सगळी भानगड तिथेच झाली.

उन्हाळ्याला लोक शिव्या देतात. मी कधी दिल्या नाहीत, कारण माझे पंख उन्हाळ्याचेच. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी कॉलेजात, छात्रसेनेच्या हवाई तुकडीत होते, आणि तिथून शहराच्या दक्षिणेकडच्या माळावर ग्लायडर शिकायला जाऊ लागले. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आज मनीषनगरच्या इमारती आहेत तिकडे तेव्हा तुरीची धसकटं उरलेली वावरं होती. सकाळी अकराच्या सुमारास त्या तापलेल्या काळ्या मातीवरून हवेचा लोट सुटायचा आणि घारी गोल गोल फिरत त्यावर चढायच्या. आपणही दोरानं वर ओढून घ्यायचं, घार शोधायची, तिच्याखाली शिरायचं आणि गोल फिरत राहायचं. खाली माणसं रसवंतीच्या सावलीला धापा टाकत असायची आणि आपण त्याच उन्हाच्या खांद्यावर बसून वर वर. लांब उत्तरेला कोराडीच्या धुराड्यांचा धूर दिसायचा. तो कुठे कललाय ते बघून वारा कळायचा. बाबा तिथे खाली कोळशाच्या धुळीत आहेत आणि त्यांच्या धुरावरून मी दिशा धरतेय, या विचारानं मला दर वेळी हसू फुटायचं.

आम्हाला शिकवायचे ते काका. पन्नाशी ओलांडलेले, काटक, मिशा अगदी बारीक कातरलेल्या. आडनावानं त्यांना कोणी हाक मारत नसे. त्यांचा जीव होता टिटवीवर. टिटवी हे आमच्या एकआसनी ग्लायडरचं नाव. अख्खं लाकडाचं, जुनं झालेलं, लकडगंजच्या सुतारांनी जागोजागी डागडुजी केलेलं. प्लायवूडचे सांधे सरसानं चिकटवलेले, म्हणून काकांना पाण्याची भारी धास्ती. टिटवीच्या पन्नास पावलांत पाण्याची बाटली आणायची नाही, असा त्यांचा कायदाच होता. कपाळाचा घाम पुसल्याशिवाय पंखाला हात लावला तर ते डोळे वटारायचे. "लाकडाले पाणी दाखवायचं नाही!" हे वाक्य आम्ही झोपेतही ऐकायचो.

पाण्याचा दुसरा कायदा मात्र आनंदाचा होता. पहिल्यांदा जो एकटा उडून येईल, त्याला पन्नास पावलं लांब नेऊन सगळ्यांनी मिळून त्याच्या डोक्यावर बादली ओतायची. माझ्याबरोबरचा शेखर, चांगला अंगापिंडानं भरलेला, त्याला भिजवायला दोन बादल्या लागल्या. माझी पाळी आली ती ऐन एप्रिलात. माळावरची विहीर आटलेली, मी पांढऱ्या सलवार-कुर्त्यात. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बादलीकडे, आणि म्हणाले, "पाणी नाही. हिची बादली राहिली समजा." सगळ्यांनी कुरकुर केली. मला हायसं वाटलं आणि जरा वाईटही. सगळे ओले झाले, मी एकटीच कोरडी.

आणखी एक गोष्ट माझ्या एकटीचीच होती. टिटवीत बसायला निदान पंचावन्न किलो वजन लागायचं, नाहीतर नाक वर उचलायचं. मी चव्वेचाळीस. आईनं महिनाभर तूप-भात चारला. फरक पडला तो तुपाच्या डब्यात. शेवटी बाबांनी उपाय काढला. कोराडीला कोळसा दळायच्या चक्कीत लोखंडी गोळे असतात. झिजून झिजून लहान झाले की भंगारात जातात. साहेबांना विचारून त्यांनी असे दहा-अकरा किलो गोळे आणले. आईनं आपल्या जुन्या लुगड्यांच्या सात पदरांची गोधडी शिवली, तिला कप्पे केले आणि एकेका कप्प्यात एकेक गोळा बसवून तोंड शिवून टाकलं. ती आसनावर अंथरून मी तिच्यावर बसायचे. शेखर म्हणायचा, "सुमे, तू लोखंडाची अंडी उबवून राहिली काय वं?" काका मात्र ती गोधडी हातात घेऊन शिवण बघत राहिले. "हे काम माझ्या कारागिरांच्या बापाले जमलं नसतं," म्हणाले.

काकांच्या पोटात एक जुनं शल्य होतं, आणि ते त्यांनी लपवलेलं नव्हतं. उलट दर पावसाळ्याच्या तोंडाशी ते आम्हाला ती कहाणी सांगायचे. तीसेक वर्षांपूर्वी, हा खेळ आपल्याकडे नवा असताना, कोकणातल्या एका कड्यावरून चार-दोन वेड्यांनी रबरी दोर ताणून ग्लायडर उडवली होती. काका त्यांतले एक. समुद्राचा वारा कड्यावर आपटून वर चढतो. त्या वाऱ्यावर कड्याच्या कडेकडेनं येरझाऱ्या घालत राहिलं तर तासन् तास तरंगता येतं. पाच तास राहिलं की पाच तासांचा बिल्ला. आमच्या माळावर लोट दुपारी चढायचे आणि उतरायचे, पाच तास कोणालाच साधले नव्हते. काका त्या कड्यावर चार तास चाळीस मिनिटं राहिले. "आन् वारा पडला," ते म्हणायचे, आणि कहाणी तिथेच संपायची. पुन्हा त्या कड्यावर जाणं झालं नाही. आता डॉक्टरांनी डोळ्यांवरून त्यांचं एकट्यानं उडणं बंद केलं होतं. त्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ आले. "तू हलकी आहे. टिटवी तुले कापसासारखी धरून राहील. ते वीस मिनिटं माझ्यासाठी भरून आण." तोवर कोणी माझ्याकडून काही मागितलं नव्हतं. बारीक असण्याचा कुणाला उपयोग होईल, हेही मला ठाऊक नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

टिटवी न्यायची कशी? लकडगंजमध्ये लांब लाकडं वाहणारा गुलाबभाऊंचा ट्रक होता. सागाचे तीस फुटी ओंडके वळणावरून कसे काढायचे ते गुलाबभाऊंनाच ठाऊक. टिटवीचे पंख सोडवले, गाद्यांत गुंडाळले, मागे लाल फडकं बांधलं आणि आम्ही निघालो. काका, शेखर, आणखी दोघं, मी, आणि माझ्या सोबतीला म्हणून गुलाबभाऊंची बायको चंद्रकलाबाई. कोराडीहून बाबा सोडायला आले होते. काकांना "जयभीम सर" म्हणाले. माझ्या हातात कांद्यांची पिशवी देऊन म्हणाले, "तिकडे भेटत असतील, पण आपले बरे." आई तांब्या घेऊन उभी होतीच. वाटेत एका पोलिसानं ट्रक थांबवून विचारलं, "काय माल आहे?" काका ऐटीत म्हणाले, "विमान." गुलाबभाऊ घाईनं म्हणाले, "साहेब, लाकूड हाय, लाकूड." पोलिसानं गादी उचलून बघितलं आणि गुलाबभाऊंवर विश्वास ठेवला.

चार दिवसांनी घाट उतरून, लाल धुळीनं माखून आम्ही कड्यावर पोचलो. आमच्यात काका सोडले तर समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. ट्रक थांबला, आम्ही उड्या टाकल्या आणि जागच्या जागी उभे राहिलो. करवंदीच्या जाळ्या, काळवंडलेला खडक, पडका बुरूज आणि पुढे जमीनच संपलेली. शेखर बऱ्याच वेळानं म्हणाला, "आपल्या अंबाझरी तलावाले पल्याडचा काठच बसवला नाही कोणी." गुलाबभाऊ कमरेवर हात ठेवून बघत होते. "एवढं पाणी," ते हळहळले, "आन् प्याले एक घोट नाही!" चंद्रकलाबाईंनी लगेच ट्रकमधला माठ सावलीला हलवला. मला रडू आलं. वाईट वाटून नाही. इतकं मोठं काही आपल्याला न विचारता इतकी वर्षं तिथे होतं, याचंच आलं असावं.

काका समुद्राकडे बघतही नव्हते. ते खडकावर वाकून काहीतरी शोधत होते. गवत बाजूला केलं तर जांभ्या दगडात ठोकलेली गंजकी लोखंडी कडी निघाली. ग्लायडरची शेपटी या कडीला बांधून ठेवायची आणि पुढून रबरी दोर ताणायचा, अशी त्यांची जुनी पद्धत. त्यांनी कडीवरून बोट फिरवलं. "हीच," म्हणाले.

खालच्या कोळीवाड्यातली माणसं वर आली. त्यांच्यात धाकू तांडेल म्हणून एक म्हातारा होता. त्यानं काकांना मिशांवरून ओळखलं. "तेव्हा काळ्या होत्या," म्हणाला. मग आम्हाला कौतुकानं सांगू लागला, "आम्ही पोरांनी दोर ओढलेला ह्यांचा. सांजेपर्यंत काय झकास वारा होता त्या दिशी!" काका म्हणाले, "तांडेल, उद्या किती माणसं मिळतील?" आणि त्याला हाताला धरून बुरुजाकडे घेऊन गेले. त्या वेळी मला यात काही वेगळं वाटलं नाही. म्हाताऱ्यांच्या आठवणी कधी कोणाच्या जुळतात?

त्या संध्याकाळी काकांनी मला कड्याच्या टोकावर बसवून शेवटचा धडा दिला. इथे गोल फिरायचं नाही. गोल फिरलीस की कड्याच्या मागे जाशील, आणि तिथे हवा खाली आपटते. वळायचं ते समुद्राकडेच, पाठ नेहमी जमिनीला. "नागपूरची घार विसर उद्या," असं म्हणून ते थांबले. हातातला खडा उगाच इकडून तिकडे केला. "आन् दुसरी एक गोष्ट… उद्या सकाळी… पाच तास म्हणजे…" ते माझ्याकडे बघेनात. "जाऊ दे. लवकर झोप." मी समजले की काका हळवे झाले. बिचारे हळवे झाले नव्हते. त्यांना माझ्या आईनं सांगावी तशी एक गोष्ट सांगायची होती, आणि आई कोराडीला होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा स्थिर झाला. टिटवी पश्चिमेला तोंड करून कड्याच्या टोकापासून जरा मागे, कडीपाशी बसली. रबरी दोराच्या दोन फांद्या धरून दहा-दहा माणसं उभी राहिली. समुद्रातलं रापण-जाळं गावानं मिळून ओढायची त्यांना सवय, दोर हातात आला की पाय आपोआप रोवले जायचे. काका एकेकाला जागा नेमून देण्यात गुंतले होते. आणि इकडे पन्नास पावलांवर, ट्रकच्या सावलीत, अख्खं नागपूर माझ्या तोंडाला तांब्या लावत होतं.

"पाच घंटे पानी नाही भेटणार तुले," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "काका बाटली नेऊ देतेत काय? आत्ताच पिऊन घे." एक तांब्या. मग कैरीचं पन्हं, कारण ऊन. मग गुलाबभाऊ म्हणाले, "लंबी गाडी हाकायची तं टाकी फुल पाहिजे वं," म्हणून आणखी एक तांब्या. शेवटी शेखरनं माझ्या खिशात कांदा कोंबला. उंटासारखी भरून, आईच्या गोधडीवर जाऊन मी बसले. डोक्यावरची काच बंद झाली. काका ओरडले, "चाला! पळा!" वीस माणसं उताराकडे धावली, शेपटी कडीतून सुटली आणि माझ्याखालची जमीन एकाएकी निघून गेली.

त्या पहिल्या तासाबद्दल मी किती लिहिलं तरी थोडंच. माळावर आम्ही वारा शोधत वणवण करायचो. इथे तो पायघडी घालून पसरला होता. कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, समुद्राकडे वळायचं आणि परत यायचं. एकदा पांढऱ्या डोक्याची एक घार पंखाशेजारी आली, तशी हाडात मुरलेली सवय उफाळली आणि मी तिच्यामागे गोल घ्यायला निघाले. अर्धी वळले तोच टिटवी बदकन खाली बसली आणि माडांचे शेंडे अंगावर आले.  नाक खाली घालून समुद्राकडे पळाले तेव्हा पुन्हा वारा हाताला लागला. घार आपली वर मजेत होती. त्यानंतर मात्र काकांचा धडा मला पाठ करावा लागला नाही. खाली होड्या चिंचोक्यांएवढ्या, पाण्यावर टिटवीची सावली, आणि मी मोठमोठ्यानं गात होते. कुणी ऐकणारं नसलं की माझा आवाज बरा आहे.

वेळ कळावा म्हणून काकांनी खुणा ठरवल्या होत्या. दर तासाला सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट माळावर, एक चादर अंथरायची. ट्रकमधली आमचीच अंथरुणं. पहिली हिरवी चादर पसरली. दुसरी चौकटीची. तिसरी चंद्रकलाबाईंची, फुलाफुलांची. ती पसरली तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्याला घाम आलेला नाही. इतक्या उंचीवर गार वारा, अंग कोरडं ठणठणीत. दोन तांबे पाणी आणि पेलाभर पन्हं जिथल्या तिथे शाबूत होतं. नागपुरात जे वाटेत उडून जायचं ते इथे मुक्कामाला राहिलं होतं.

पुढच्या तासाचं वर्णन ज्यांना कधी अशी वेळ आलीय त्यांना करायला नको. मी पाढे म्हटले. पायाला पाय आवळले. खाली बघायची सोय नव्हती, कारण खाली सगळं पाणीच. चौथी चादर पसरली. मग वेळ जाता जाईना. सूर्यावरून अंदाज केला, अजून पाऊण तास असेल, अर्धा असेल. दर फेरीला सडा डोळ्यासमोर यायचा, सपाट, मोकळा, उतर म्हणणारा. बुरुजामागे दाट जाळी होती. दोन मिनिटांचं काम. सांगायचं, वारा पडला.

उतरायला सुकाणूची काठी पुढे दाबायला हात उचललाच होता, इतक्यात काका दिसले. कड्याच्या अगदी टोकावर उभे होते. पाचवी चादर घडी करून त्यांनी काखेत धरली होती. बाकीचे सगळे सावलीला बसले होते, ते एकटेच उन्हात. त्यांनी हात हलवला नाही, काही नाही. नुसते बघत होते. मी उतरले असते तर ती चादर तशीच घडीची घडी राहिली असती, आणि ते मला काही म्हणाले नसते. मी हात मागे घेतला. समुद्राकडे वळले. आणि मग, तन्वीबाई, तुझ्या मावशीआजीनं, वय वर्षे एकवीस, लाज सोडली. आईच्या लुगड्यांच्या सात पदरी गोधडीनं ती पोटात घेतली.

एवढं हसू मला त्याआधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही. एकटी, आभाळात, खदाखदा हसत होते. सुटका म्हणतात ती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. पुढची मिनिटं माझ्या जन्मातली सगळ्यात सुंदर. ऊन पिवळं झालं होतं, होड्या परतायला लागल्या होत्या, वारा लोण्यासारखा. पाचवी चादर पसरली, पांढरीशुभ्र, आणि तिच्याभोवती सगळे नाचायला लागले. मी मुद्दाम आणखी दोन फेऱ्या मारल्या.

खऱ्या धास्तीनं गाठलं ते उतरताना. आता उठायचं. काच उघडणार, सगळे धावत येणार, शेखर मला उचलून खांद्यावर घेणार, आणि मग! त्या काळी मुलीच्या जातीला ही गोष्ट जन्मभर पुरली असती. अख्ख्या कॉलेजात, माळावर, कोराडीच्या कॉलनीत. टिटवी सड्यावर घसरत थांबली. लोक आरडाओरडा करत धावत सुटले. त्यांच्या पुढे, पन्नाशीचे काका, चंद्रकलाबाईंची पाण्यानं भरलेली बादली दोन्ही हातांत धरून, धोतर सांभाळत पळत येत होते.

सगळ्यांच्या आधी ते पोचले. काच उघडली. त्यांनी एकदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काका, मी—"

"ऊठू नको. बसून राय," ते म्हणाले, आणि अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली. आसनावर, गोधडीवर, प्लायवूडवर, सगळीकडे. मागून शेखर किंचाळला, "काका! टिटवी! सांधे उकलतील!"

"उकलू दे! हिची बादली राहिली होती!" काका ओरडले. "आनखी आना! घागरी आना!"

कोळणींनी घागरी आणल्या. कायदा मोडायला मिळाल्यावर कोण मागे राहतं? शेखरनं ओतली, गुलाबभाऊंनी ओतली, धाकू तांडेलानं ओतली. मी नखशिखांत निथळत उठले तेव्हा सड्यावर माझ्याइतकं ओलं आणि माझ्याइतकं सुखी कोणी नव्हतं. चंद्रकलाबाई गोधडी पिळताना म्हणाल्या, "किती पाणी धरते वं ही!" मी म्हटलं, "हो ना."

संध्याकाळी काका बुरुजावर बसले होते. खाली टिटवी पंख पसरून वाळत होती. पुढे परत आल्यावर लकडगंजच्या सुतारांना तिचे सांधे पुन्हा बसवायला दोन महिने लागले, आणि काकांनी कोणालाही एक शब्द बोलू दिला नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला आभार मानायचे होते, पण कशाचे ते कसं सांगणार?

तेच म्हणाले, "काल सांगणार होतो तुले. पोरीले कसं सांगू, म्हणून जीभ उचलली नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

ते समुद्राकडे वळले. मग मिशीतल्या मिशीत हसले. "तांडेल खरंच बोलला. त्या दिवशी वारा पडला नव्हता वं. मी बी असाच पाणी पिऊन गेलतो. आईनं शिकवलं तसं. आन् खाली सगळे उभे. साहेब लोक आलेले. आन् मी पांढरी प्यांट घातली होती."

मला हसू आवरेना. तेही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग एकदम थांबले.

"वीस मिनिटांची लाज, सुमे. तिच्यापायी तीस वर्षं वाऱ्याले बोल लावला."

त्यांनी कोणाला सांगू नको म्हटलं, मी सांगितलं नाही. काका जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. बिल्ला ट्रंकेत आहे, आईच्या गोधडीत गुंडाळलेला. लोखंडी गोळे काढून टाकले, कप्पे तसेच आहेत.

आज संध्याकाळी तन्वीचा निरोप आला: 'वीस मिनिटं उडले! पाणी नव्हते प्यायले. आता तरी सांग ना, का?' हे सगळं तिला पाठवतेय. आणि खाली एवढंच लिहिलंय की बाळा, उद्या पुन्हा जाशील तेव्हा वाटल्यास पाणी पिऊन निघ. आणि वर गेल्यावर लागलीच, तर खाली उतरू नकोस.